तुटलेला स्टड काढायचाय: वेल्डिंग, इझी-आउट की सरळ हेलिकॉइल?

सायलेन्सरचा बेंडपाइप सोडवताना नट फिरायच्या ऐवजी स्टडच (डोकं नसलेला, नुसत्या आट्यांचा बोल्ट) पीळ खातोय असं हाताला जाणवतं, आणि पुढच्या क्षणी पाना मोकळा होतो. डर्टबाइकवर हे कधी ना कधी होणारच. रोज तापणं, मग ओढ्याचं पाणी, वर चिखलाची पुटं; लोखंडी स्टड इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गंजून घट्ट धरतो. गाडी पुळणीवर फिरवलेली असेल तर बोलायलाच नको.

कोणता मार्ग धरायचा हे आधी त्या तुकड्याकडे बघून ठरवा. बोटाच्या पेराएवढा बाहेर असेल तर फार विचार नको. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी हेड गॅसच्या टॉर्चनं तापवा, म्हणजे स्टडच्या भोवतीचं अॅल्युमिनियम. ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पेट्रोलची टाकी मात्र आधी उतरवून लांब ठेवा. मग दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटावर पाना लावा, नाहीतर ग्रिप प्लायरनं धरा. थोडं पुढे, थोडं मागे. एका दमात जोर लावलात की उरलेलाही हातात येईल.

खरा पेच पडतो तो तुकडा हेडच्या बरोबरीनं तुटला असेल तर.

बहुतेक जण दुकानातून इझी-आउटचा, म्हणजे तुकड्यात भोक पाडून त्यात उलट्या फिरवायच्या, उलट्या पिळाच्या काड्यांचा सेट आणतात, कारण तो स्वस्त असतो आणि सोपा दिसतो. मीही आणला होता. सहा एमएमचा स्टड, त्यात जेमतेम तीन एमएमचं भोक, आणि त्या भोकात निमुळता इझी-आउट. जो स्टड अख्खा असताना सुटला नाही, तो या काडीनं कसा सुटणार? उलट निमुळत्या आकारामुळे स्टड आतून फुगतो आणि आणखी आवळतो. माझा इझी-आउट आत तुटला. तो इतका कडक असतो की साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. शेवटी हेड उतरवून भोसरीत ईडीएमवाल्याकडे (विजेच्या ठिणगीनं धातू झिजवणारं मशीन) न्यावं लागलं; ठिणगीनं तो तुकडा खाऊन काढला, आटे शाबूत राहिले. पण हेड गॅस्केट नवं आणि दोन रविवार गेले. आठ एमएमच्या वर इझी-आउटला थोडा तरी अर्थ आहे. सहाला माझ्या मते अजिबात नाही. त्यापेक्षा उलट्या पिळाचं ड्रिल बिट मिळालं तर बघा: रिव्हर्सवर भोक पाडता पाडताच तुकडा कधी कधी आपोआप वर येतो.

सीओटू वेल्डिंगवाला चांगला असेल तर माझी पहिली पसंती तोच. तुकड्यावर नट ठेवायचा आणि नटाच्या आतून वेल्ड भरायचा. वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही, स्टडला धरतं. आणि त्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते, हा खरा फायदा. हात लावता येईल इतपत निवू द्या, मग पाना. पहिल्यांदा नट तुटून हातात येतो, तेव्हा निराश होऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निघतो. बॅटरी आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरचा) कपलर आधी काढून ठेवा. तुकडा खोल असेल तर आधी वॉशर, मग नट. पुढचं चाक काढल्याशिवाय बहुतेक गाड्यांत वेल्डिंगची टॉर्च आत शिरतच नाही.

तिसरा मार्ग सगळं ड्रिल करून टाकण्याचा. सहाच्या स्टडला पाच एमएम, आठच्या स्टडला ६.८ एमएम, मग आटे पाडायचा टॅप. भानगड एकच: ड्रिल जरा तिरकं गेलं की मऊ अॅल्युमिनियममध्ये पळतं. म्हणून लेथवर छोटा बुश करून घ्या, बेंडपाइपचा फ्लँज दुसऱ्या स्टडवर बसवा आणि त्याच्या भोकातल्या बुशमधून ड्रिल सोडा. फ्लँजच जिगचं काम करतो. एवढं करूनही आटे गेले, तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची स्टीलच्या तारेची आट्यांची गुंडाळी. सहाला साधारण ६.३, आठला ८.३ ते ८.४ एमएमचं भोक, सोबतचा टॅप, आणि बसल्यावर खालची शेपटी तोडून बाहेर काढायची. 'हेलिकॉइल म्हणजे जुगाड' असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. स्टीलचे आटे मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा दणकट असतात. लेथवाला जाड बुश ठोकून देतो म्हणाला, तर भोकाभोवती किती माल उरतो ते आधी मोजा.

थोडक्यात, चांगला वेल्डर जवळ असेल तर त्याच्याकडे जा. नसेल आणि हात स्थिर असेल तर ड्रिल. दोन्ही नसेल तर हेड उतरवून ईडीएम. महाग आहे, पण घरी पाडलेलं तिरकं भोक त्याहून महाग पडतं.

नवा स्टड बसवताना हेडकडच्या आट्यांना कॉपर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि हातानं घट्ट होईल इतपतच फिरवा. साधं लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) इथल्या तापमानाला टिकत नाही. हार्डवेअरमधला आट्यांचा गज कापून लावू नका. नट पितळी किंवा कॉपर कोटिंगचे घ्या, दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं आवळा, आणि पहिली फेरी मारून गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.