मुलांसोबत बाग लावताना: बी पेरावं की तयार रोप आणावं?

मुलांना सोबत घेऊन बाग करायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो. बी पेरलं तर मुलं तोवर कंटाळतील अशी धास्ती, आणि रोप आणलं तर निम्मी गंमत आधीच संपलेली. माझा कल बियांकडे आहे, पण सरसकट नाही. मूल केवढं आहे आणि लावायचं काय आहे, या दोन गोष्टींवर निवड ठरते.

लहान हातांना काय जमतं?

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी बी बरं. घेवडा, वाटाणा, भोपळा, सूर्यफूल यांचं बी टपोरं असतं, चिमटीत नीट धरता येतं. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल खड्डा बोटानेच होतो. बी आडवं पडो की उलटं, मूळ गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने खालीच वळतं. त्यामुळे मोठ्यांना ‘असं नको, तसं कर’ म्हणत मध्ये पडावं लागत नाही.

रोपाचं तसं नाही. मूल नेमकं खोड धरून ओढतं, आणि कोवळं खोड मोडलं की रोप बहुधा हातचं जातं. पान फाटलं तर नवं येतं, म्हणून रोप पानाला किंवा मुळांभोवतीच्या मातीला धरायचं असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे सहज समजतं. कुंडी उलटी करून तळाशी थोपटणं, मातीचा गड्डा न फोडता बाहेर काढणं, काठीचा आधार देणं ही कामं त्या वयात मन लावून होतात. त्याहून लहान असेल तर रोप शेवटी आईबाबाच लावतात आणि मूल झारी धरून उभं राहतं.

किती थांबावं लागतं?

इथे मात्र पिकापिकांत मोठा फरक आहे. लहान गोल मुळा तीन ते सहा दिवसांत उगवतो आणि महिन्याभरात काढायला येतो. घेवडा साधारण आठवड्याभरात वर डोकावतो. टोमॅटोही लवकर उगवतो, पण रोप लावण्याजोगं व्हायला सहा ते आठ आठवडे आणि पुढे फळ पिकायला आणखी दोन-तीन महिने जातात. मिरचीला तर कधीकधी उगवायलाच दोन-तीन आठवडे लागतात. एवढा धीर लहान मुलाकडून मागणं मला अन्यायाचं वाटतं. टोमॅटो-मिरचीचं तयार रोपच आणा.

गाजर आणि मुळा मात्र जागेवरच पेरा. त्यांचं सोटमूळ उपटून दुसरीकडे लावताना दुखावलं की गाजर फाटे फुटलेलं निघतं.

बघण्यासारखं कशात जास्त?

बियांत, निःसंशय. काचेच्या बरणीत ओला कागद आतून चिकटवा आणि काच व कागद यांच्यामध्ये घेवडा आणि वाटाणा शेजारी ठेवा. घेवड्याची जाड दलं, म्हणजे बियाचे दोन अर्धे भाग, कमानीसारख्या वाकलेल्या देठासोबत वर उचलली जातात. वाटाण्याची दलं खालीच राहतात आणि नुसता कोंब वर येतो. हा फरक मुलं स्वतः हेरतात. तयार रोप घरी येतं तेव्हा हा सगळा भाग होऊन गेलेला असतो.

मेलं तर?

दोन्हींत मरण्याची शक्यता आहे, आणि कारण बहुतेकदा एकच: पाणी जास्त झालं. मुलांना पाणी घालायला फार आवडतं. सतत ओल्या मातीत बी कुजतं, नुकतं उगवलेलं रोपटं बुरशीने बुडाशी बारीक होऊन कोलमडतं. माती बोटाने चाचपून कोरडी लागली तरच पाणी, हा नियम मुलांच्याच हाती द्या. एका जागी दोन-तीन बिया टाकल्या तर एखादी न उगवल्याचं दुःख होत नाही. नवं लावलेलं रोप पहिले काही दिवस मान टाकतं, हे आधीच सांगून ठेवा. लागवड संध्याकाळी केली तर त्याला त्रास कमी होतो.

पहिल्यांदाच करत असाल तर एका कुंडीत मुळा, दुसरीत घेवडा पेरा आणि तिसरीत टोमॅटोचं रोप लावा. बियाणं घेताना एवढं नक्की बघा: गुलाबी-निळसर रंगाचा थर असलेल्या बियांना बहुधा बुरशीनाशक लावलेलं असतं. ते मुलांच्या हाती देऊ नका, साधं बी मागून घ्या. तीन वर्षांखालचं भावंड आसपास असेल तर बियांची वाटी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्या वयात बी तोंडात किंवा नाकात जायला वेळ लागत नाही.