फ्रंट व्हील हॉपचा क्लास, सहा रविवार, अक्कलकोट रोड: माझा अनुभव

सोलापुरात सायकल ट्रायल्स (पाय जमिनीला न टेकवता सायकलवरून अडथळे पार करायचा खेळ) कुठं शिकवतात आणि पैसे वसूल होतात का, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. सरांचं नाव टाकत नाही कारण त्यांनीच नको सांगितलंय, एका बॅचला सातच्या वर माणसं ते घेत नाहीत. जागा म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका बंद गोडाऊनपुढचा काँक्रीटचा पट्टा. वेळ सकाळी सव्वासहा ते आठ, आणि आठ म्हणजे आठच, कारण मे महिन्यात त्यानंतर ते काँक्रीट तव्यासारखं तापतं. फी सहा रविवारांची २४०० रुपये, सायकल त्यांची घेतली तर दर रविवारी १५० वेगळे.

मी गेले ते फक्त फ्रंट व्हील हॉप शिकायला. म्हणजे पुढचा ब्रेक लॉक करून मागचं चाक हवेत उचलायचं आणि एकट्या पुढच्या चाकावर टणाटण उड्या मारत तोल धरायचा. बघायला सर्कस वाटते पण ट्रायल्समध्ये त्याचं खरं काम असतं, अरुंद जागेत वळायला रुंदी नसते तेव्हा पुढच्या चाकावर उभं राहून मागचं चाक उचलून हवं तिथं ठेवता येतं. याआधी सहा महिने मी जुळे सोलापुरात घरासमोर व्हिडिओ बघून एकटीच करत होते, दोन हॉपच्या पुढं एकदाही गेले नाही आणि का जात नाही ते कळतच नव्हतं.

ते पहिल्याच रविवारी कळलं. माझी एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, शहरातल्या एका मोठ्या दुकानातून घेतलेली, तिथं सरळ सांगितलेलं की ताई, स्टंटला पण चालेल. सरांनी पुढचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल हळूच पुढं-मागं ढकलली तर ब्रेक लॉक असून चाक टुक-टुक हलत होतं, डिस्क ब्रेकचे पॅड आणि चाकाच्या मधला हब दोन्हीत थोडा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता. रस्त्यावर चालवताना हे कधी जाणवत नाही पण सगळं अंग एका चाकावर आलं की तेवढंच हलणं तोल घालवतं. म्हणजे सहा महिने मी स्वतःलाच दोष देत बसले होते आणि अर्धी चूक ब्रेकची होती. दुकानवाल्यानं विकायच्या आधी एवढं तरी सांगायला हवं होतं, याचा मला अजून राग येतो.

सरांच्या दोन सायकली मात्र खऱ्या ट्रायल्सच्या, २० इंची. सीटच नाही, फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) मागच्या हबवर नसून पुढं क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यांपाशी, चेनच्या चक्रांचे दात पुढं १८ आणि मागं १२, आणि क्रँकखाली बॅशप्लेट, म्हणजे मार झेलणारी पट्टी, सायकल कठड्यावर आपटली तरी चेनला धक्का लागत नाही. ब्रेक हायड्रॉलिक रिम ब्रेक, आणि रिमच्या कडेला ग्राइंडर मारून मुद्दाम खरबरीत केलेली, त्यामुळं पॅड असा चावतो की एका बोटानं चाक जाम होतं. किरर्र आवाज येतो, पण जाम होतं म्हणजे होतं. चार बोटांनी लिव्हर दाबायची सवय सरांनी पहिल्या दिवशीच मोडली, एक बोट ब्रेकवर आणि बाकीची मुठीत, नाहीतर हँडलवरची पकड सुटते.

आता शिकवण्याबद्दल, कारण पैसे याचेच आहेत. पहिले तीन रविवार एकही हॉप मारू दिला नाही. पहिला रविवार नुसता ट्रॅकस्टँड, पेडल आडवे आणि सायकल जागेवर उभी. दुसऱ्या रविवारी चालण्याच्या वेगानं यायचं, ब्रेक लावायचा आणि मागचं चाक उचलायचं. इथं सगळे एकच चूक करतात, मीपण करत होते, नुसता ब्रेक जोरात दाबून चाक उचलायला बघतात. चाक ब्रेकनं नाही अंगानं उचललं जातं, आधी गुडघे वाकवून खाली बसायचं, ब्रेक लागतोय तेव्हाच छाती हँडलच्या वर न्यायची, पायाचे चवडे खाली करून पेडल मागं खरडल्यासारखं खेचायचं, मग मागची बाजू आपोआप वर येते. हे बरोबर जमलं की इतकं हलकं वाटतं की सांगता येत नाही.

तिसरा रविवार फक्त उतरायचा. बॅचमधली दोन कॉलेजची पोरं कंटाळून म्हणाली, सर पडायचं काय शिकायचं त्यात, पण माझ्या मते सगळ्या कोर्समधला सगळ्यात मोलाचा दिवस तोच. तोल पुढं चालला की ब्रेकवरचं बोट सोडायचं, चाक पुढं सरकतं आणि मागचं चाक खाली येतं. आणि फारच पुढं गेलात तर हँडल धरूनच पाय पेडलवरून काढून जमिनीवर यायचं, सायकलशी झटापट करायची नाही. हे पन्नासएक वेळा केल्यावर भीती खरंच गेली, आणि भीती गेल्यावर कोपरं सैल पडली. कोपरं ताठ असली तर हॉप येतच नाही.

चौथ्या रविवारी हॉप सुरू झाला आणि परत माझं दोनवर अडलं. तेव्हा सर म्हणाले, "ताई, गड्ड्याला नंदीध्वज पेलणारे बघितलेत ना?" सोलापूरच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे काय, दर संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, सात नंदीध्वज, उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, लहानपणापासून बघतोय. "काठी डावीकडं झुकली तर पेलणारा काय करतो, उजवीकडं ओढत बसतो का? नाही, तो स्वतः डावीकडं पाय टाकतो, काठीच्या खाली जातो. तुमचं चाक म्हणजे तो माणूस आणि तुम्ही काठी." मी तोपर्यंत डावीकडं पडायला लागले की अंग उजवीकडं खेचायचे. त्या दिवसापासून पडतेय त्याच बाजूला हॉप मारायला लागले, पुढं झुकले तर पुढं, मागं बसायला लागले तर मागं, चाक अंगाच्या खाली आणायचं. त्याच सकाळी सलग पाच झाले आणि मी तिथं काँक्रीटवर बसून खरंच रडले.

टायरच्या हवेचं पण एक सांगायला हवं. हवा कमी ठेवली की टायर चेंडूसारखा उसळी देतो आणि पकडही धरतो, पण फार कमी केली तर रिम खाली आपटते आणि ट्यूब चिमटून पंक्चर होते. सर आकडा सांगत नाहीत, वजनाप्रमाणं प्रत्येकाला अंगठ्यानं दाबून दाखवतात.

चहाच्या वेळी ते बरंच सांगतात. हा खेळ स्पेनच्या कॅटलोनियातला, मोंतेसा मोटरसायकलवर ट्रायल्स खेळणाऱ्या पेरे पी यांनी १९७० च्या दशकात मुलाला, ओट पीला, सायकलवर तेच शिकवायला घेतलं, आणि तो पोरगा पुढं जगज्जेता झाला. आता युसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, स्पर्धांत २० इंची आणि २६ इंची असे गट असतात. हे ऐकून वाटतं की एमआयडीसीतल्या कोपऱ्यात आपण करतोय ते कुठल्या तरी मोठ्या गोष्टीला जोडलेलं आहे.

आता तक्रारी, त्या पण खऱ्याच. सात जणांत चांगल्या ब्रेकच्या सायकली दोनच, त्यामुळं पावणेदोन तासांतला अर्धा वेळ उभं राहण्यात जातो, १५० रुपये भाडं घेता तर तिसरी सायकल हवीच. बाथरूमची सोय नाही, मुलींना जवळच्या पेट्रोल पंपावर जावं लागतं, हे मी सरांना तोंडावर सांगितलंय आणि इथंही लिहिते कारण यामुळं दोन मुली दुसऱ्याच रविवारी यायच्या बंद झाल्या. फर्स्ट एडचा डबाही पहिले दोन आठवडे नव्हता, माझ्या नडगीला पेडलच्या पिना लागल्या तेव्हा आला. हेल्मेट नसेल तर मात्र उभं करत नाहीत, ते चांगलं. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचं पॅड, विकत घ्याच, मी सुरुवातीला जुन्या सोलापुरी चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, मार वाचतो पण उकाड्यानं जीव जातो.

कुणी जावं? ज्यांना ट्रॅकस्टँड थोडाफार येतो आणि तीन रविवार हॉप न मारता थांबायची तयारी आहे त्यांनी बिनधास्त जावं. पाचमधले चार स्टार देते, एक त्या पेट्रोल पंपाच्या फेऱ्यांसाठी कापला. स्वतःची सायकल नेणार असाल तर आधी घरीच पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवून बघा, टुक-टुक वाजली तर आधी तो प्ले काढून घ्या.

माझे परवा सलग अकरा झाले. पावसाळ्यात काँक्रीट ओलं म्हणून क्लास बंद असतो, पुढची बॅच दसऱ्यानंतर, आणि मी मागचं चाक कठड्यावर ठेवायला शिकायला परत नाव दिलंय.