बारा वाचन मंडळं, २४० सह्या आणि ६६,३४० रुपये

खोट्या वाचन मंडळांच्या नावानं मला फसवलं, त्यात गेलेला आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "पण गेले तरी किती?" असं कुणी विचारायला नको. ६६,३४० रुपये. त्यातले ३७,३०० यूपीआयवरून गेले आणि २९,०४० मी स्वतःच्या हातानं छपाई आणि वाहतुकीत घातले.

पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. कौतुक करायचं, थोडी फी घ्यायची, मग अनामत, मग परताव्याचं नाटक. वीजबिलवाले आणि लॉटरीवाले करतात तेच. फरक एवढाच की इथं गळाला पैसा नव्हता, वाचक होता. पन्नाशीतल्या बायकांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला दुसरं काय दाखवणार?

नंबर त्यांना पुस्तकातूनच मिळाला. शीर्षकपानामागे लेखकाचा पत्ता आणि मोबाइल छापायची आपली जुनी रीत आहे, आणि खऱ्या वाचक बायकांचे फोन त्यावरच येतात, बहुतेक दुपारी दोन ते चार, घरातले जेवून आडवे झाले की. ती रीत मोडू नका. पण त्यासाठी वेगळं सिम घ्या. ज्या नंबराला बँक जोडलीय तो छापू नका.

मेसेज एका बाईचा होता. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, निपाणी मिळून बारा महिला वाचन मंडळं, प्रत्येकात वीसजणी, पंचेचाळीस ते साठच्या. पुस्तक वाचायचं, मग लेखिकेला बोलावून गप्पा मारायच्या. लेखिकेची नोंदणी १,५०० रुपये. आता यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय आमच्या कोल्हापुरात १८५० पासून आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा देशात सगळ्यांत आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानानं केला. पेठेपेठेत भिशी आणि भजनी मंडळ आहे, मग वाचन मंडळ का नसावं? मी काही चंद्रावरच्या मंडळावर विश्वास ठेवला नव्हता.

व्यवहार मात्र खटकायला हवा होता. खऱ्या वाचनकट्ट्यावर एक प्रत आठ-दहा घरं फिरते. मंडळ दोन प्रती घेतं, फार तर चार, आणि वर सवलत मागतं. दुकानदार तीस-चाळीस टक्के कापतो आणि पैसे विकल्यावर देतो. यांना हव्या होत्या २४० प्रती, छापील किमतीला. ३०० प्रमाणे ७२,००० रुपये, कार्यक्रमानंतर आठ दिवसांत. पूर्ण किमतीला घाऊक मागणी करणारा माणूस पुस्तकाच्या धंद्यातला नसतो. हे मला माहीत होतं हो. इतकी वर्षं माहीत होतं.

पण जिथं कळायलाच हवं होतं ती जागा ही नव्हे.

कादंबरीतली नायिका ५२ वर्षांची आहे. मलपृष्ठावर चुकून ४७ पडलं, मुद्रितं तपासताना माझ्या नजरेतून सुटलं आणि ३०० प्रतींची पहिली आवृत्ती तशीच बाहेर गेली. खऱ्या वाचक बायकांनी त्यावरून मला फाडून खाल्लंय. एकीनं हिशोबच मांडला: मुलगी ३१ वर्षांची, आई ४७ ची, म्हणजे सोळाव्या वर्षी बाळंतपण, ते कुठल्या प्रकरणात आहे? मंडळाकडून मला अकरा अभिप्राय आले. अकराच्या अकरा जणींनी ४७ लिहिलं होतं. 'सत्तेचाळिशीतली आमचीच मैत्रीण भेटली.' रात्री दोन वाजता घामानं भिजून ओट्याशी उभी राहिलेली बाई एकीलाही आठवली नव्हती, आणि खरी वाचक पहिल्यांदा तेच काढते. नवरा व्हीआरएस घेऊन घरी बसल्यावर दुपारची खोली कुणाची, या भांडणावर कुणी बाजू घेतली नव्हती. शेवट पटला नाही म्हणून कुणी रागावलं नव्हतं. खरी वाचक रागावते, मग तिच्या नणंदेची गोष्ट सांगते, मग पुन्हा रागावते.

आणि मला ते ४७ दिसलं होतं. दिसलं, आणि मी मनात म्हटलं, बघा, मलपृष्ठसुद्धा किती लक्ष देऊन वाचलंय!

अभिप्रायातला सगळा माल मलपृष्ठ आणि ई-बुकचा फुकट मिळणारा सुरुवातीचा नमुना एवढ्यातूनच उचललेला होता. तपासायला दोन मिनिटं लागतात. पुस्तकात नसलेला प्रसंग विचारा: "विहिरीजवळचा प्रसंग कसा वाटला?" समोरच्या बाईला तो अगदी रडू आणणारा वाटला, की नंबर ब्लॉक करा.

छपाईचा हिशोब असा. डेमी आकार, २०८ पानं म्हणजे १३ फर्मे, ७० जीएसएम मॅपलिथो कागद, मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन. प्रत ११२ रुपये, २४० प्रतींचे २६,८८०. ट्रान्सपोर्टचे २,१६०. घाईत मलपृष्ठाची जुनीच फाइल गेली, म्हणजे नव्या २४० वरही ४७ च. प्रेसवाल्यानं विचारलं होतं, "ताई, निम्मे पैसे आगाऊ घेतलाय न्हवं?" मी म्हटलं, ओळखीच्या आहेत. ओळख तेव्हा बारा दिवसांची होती.

शिवाय सह्या. नावांची यादी आली आणि प्रत्येक प्रतीवर 'प्रिय अमुकताईंस' लिहून हवं होतं. नाव घालून सही केलेली प्रत परत आली तरी दुकानात जात नाही, त्यामुळे पैसे खात्यावर पडल्याशिवाय नावानं सही करायची नाही. यादीत २४० नावं, आडनाव एकही नाही, आणि मंगल १९ वेळा. मी १९ वेळा 'प्रिय मंगलताईंस' लिहिलं.

दसरा चौकातल्या सभागृहाची अनामत १२,०००, 'परत मिळणारी'. रिक्षानं दहा मिनिटांवरचं सभागृह. बुकिंग आहे का हे विचारायला मी गेले नाही. 'वाचक संचा'चे ११,८००, म्हणजे बॅनर, पिशव्या, नाश्ता १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. पावतीवर जीएसटी क्रमांक बघून मी निश्चिंत झाले. तो क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. पावतीवरचा १४ अक्षरांचा निघाला. मोजला मी गेल्या आठवड्यात. पैसे पाठवताना यूपीआयवर नाव आलं ते एका मोबाइलच्या दुकानाचं. विचारलं तर उत्तर तयार: "संस्थेचं खातं धर्मादायकडं अडकलंय ताई, भावाच्या खात्यावर टाका." नोंदलेल्या संस्थेला नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. भावाचं खातं म्हटलं की तिथंच थांबा.

मग पाऊस. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ कडे सरकत होतं आणि गावात दुसरा विषय नव्हता. शनिवारी संध्याकाळी मेसेज आला: पुरामुळं कार्यक्रम पुढं ढकललाय, अनामत परत करतो, क्यूआर स्कॅन करा. मी स्कॅन केला. पिन टाकला. आणखी १२,००० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच माझ्या आईला शिकवलंय.

रविवारी मी कुणालाच सांगितलं नाही. लाजेपोटी. तीच सगळ्यात महागडी चूक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन गेला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. मी सोमवारी केला. तोवर खातं रिकामं.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही, पण तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी. पिन टाकला की बँक नेमकं तिथंच बोट ठेवते. तरी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा; चौकशीचा नंबर १४४४८. मी ते केलंय.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, हे सायबरचं काम. सायबरमध्ये म्हणाले, यूपीआयचं आम्ही बघू, पुस्तकांचं ठाण्यात द्या. ठाण्यात परत गेले तर, "ओ मॅडम, पुस्तकं तुम्हीच पाठवली, मग चोरी कुठं झाली? हे दिवाणी आहे." फसवून माल घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे फसवणूकच. तोतयेगिरी ऑनलाइन केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यानं नोंदवून घ्यायची असते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. हे मी कागद समोर धरून वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, "लेखिका आहात न्हवं? मग अर्ज झकास लिहाल. चार प्रतीत आणा." आणल्या. दुसऱ्या दिवशी ते साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी पूर. चौथ्या दिवशी नवीन साहेब, आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायचं, मागं बाकावर दोन ओळखीच्या बायका बसलेल्या असताना, की मला कौतुकाचे मेसेज आले आणि मी पैसे पाठवले. सहा फेऱ्या झाल्या. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरच्या तक्रारीपुढं अजून 'प्रक्रियेत' असंच दिसतंय.

जाताना प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक), पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून (नुसते स्क्रीनशॉट नकोत), ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) आणि प्रेसचं बिल न्या. चॅट रागानं डिलीट करू नका. मी अर्धं केलं होतं.

आणि आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापायच्या ओळख क्रमांकाचे, पैसेही कुणाला देऊ नका. ही बाई त्यासाठीही ३,००० मागत होती. आपल्याकडे तो सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. एवढं एक मला वेळेवर आठवलं.

परवा गडहिंग्लजहून फोन आला, दुपारी अडीचला. बाईंनी पुस्तक ऑनलाइन जुन्या पुस्तकांत ९० रुपयांना घेतलेलं. पहिला प्रश्न: "आत ५२ आणि मागं ४७, खरं कुठलं?" दुसरा: "आणि ह्या मंगलताई कोण?" मी त्यांना म्हटलं, वहिनी, दोन्ही सांगते, पण आधी एक करा. पाकीट टाकलं नसेल तर त्याच्यावरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा फोटो पाठवा. पाकीट होतं. पत्ता जयसिंगपूरचा आहे. सोमवारी तो घेऊन सातवी फेरी.