कोकणात गाडीनं जाताना मुलांना काय द्यावं: मोबाइल, ऐकायच्या गोष्टी की भेंड्या?

मुंबईहून सावंतवाडी म्हणजे साधारण पाचशे किलोमीटर. रस्ता मोकळा मिळाला तरी दहा-अकरा तास धरूनच चालायचं, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी निघालात तर वेळेचा हिशोबच सोडायचा. मागच्या सीटवर पाच-सात वर्षांचं मूल असेल तर घरातून निघतानाच ठरवावं लागतं, की टॅब चार्ज करून घ्यायचा, गोष्टी डाउनलोड करून ठेवायच्या, की खेळवत न्यायचं. माझं मत आधीच सांगते. मूल किती वेळ गप्प बसेल हे नंतर बघा, आधी त्याची नजर कुठे असेल ते बघा.

याचं कारण गाडी लागणं. वळणं, ब्रेक, खड्डे हे सगळं कानाच्या आतल्या भागाला कळत असतं, पण डोळे हातातल्या पडद्यावर खिळलेले असतात आणि त्यांच्या लेखी काहीच हलत नसतं. या दोन्हींचा मेळ बसला नाही की मळमळायला लागतं. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त होतो. पुस्तक वाचतानाही तेच घडतं, त्यामुळे ‘मोबाइल नको, चित्रांचं पुस्तक घे’ ही तडजोड घाटात कामाची नाही.

मोबाइल किंवा टॅब

मूल शांत बसवण्यात याचा हात कोणी धरणार नाही, हे मान्यच. पुणे ते कोल्हापूर सरळ महामार्गावर एखादा सिनेमा लावून दिला तर बहुतेक मुलांना काही होत नाही. सगळ्यात चांगला उपयोग होतो तो गाडी उभी असताना. माणगावच्या कोंडीत तासभर अडकलात, बाहेर ऊन, पुढे नुसते ट्रक. तेव्हा खुशाल द्यावा. टॅब मांडीवर देण्यापेक्षा पुढच्या सीटच्या मागे, डोळ्यांच्या रेषेत अडकवलेला बरा, मान खाली जात नाही. पण दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे, आणि आपल्यापुढे दहा तास असतात. शिवाय मोबाइल परत घेताना जी रडारड होते, तीही हिशोबात धरा.

ऐकायच्या गोष्टी

घाटासाठी माझी पहिली पसंती हीच. डोळे खिडकीबाहेर, कान गोष्टीत. स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर मराठी बालकथा मिळतात. घाटात रेंज जाते, म्हणून घरूनच उतरवून घ्या. गाडीच्या स्पीकरवर लावल्या तर आजी-आजोबाही ऐकतात, आणि मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारता येतं. अडचण एवढीच, की चार वर्षांखालचं मूल नुसत्या आवाजावर फार वेळ रमत नाही, आणि दोन भावंडांत पाच वर्षांचं अंतर असेल तर एकाला आवडलेली गोष्ट दुसऱ्याला कंटाळवाणी होते. गोष्ट सांगणारी आजी मागे बसली असेल तर मात्र अ‍ॅपची गरजच नाही.

तोंडी खेळ

यांना पैसे लागत नाहीत, पण माणूस लागतो. मोठ्यांपैकी एकानं तरी मनापासून खेळायला हवं, आणि तो गाडी चालवणारा नको. एवढी तयारी असेल तर याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

गावांच्या भेंड्या घ्या. पनवेल, ल वरून लांजा, ज वरून जयगड. अक्षर अडलं तर ळ ला ल आणि ण ला न चालेल, हे आधीच ठरवून टाका, म्हणजे भांडण नाही. वाचता येणाऱ्या मुलांसाठी गाड्यांच्या नंबरप्लेट आहेत: एमएच ०६ रायगड, ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग, ०९ कोल्हापूर. हिरवी प्लेट दिसली की विजेवरची गाडी, तिला दोन गुण.

आणि नद्या. हा रस्ता किनाऱ्याला समांतर जातो आणि नद्या सह्याद्रीतून समुद्राकडे धावतात, त्यामुळे त्या एकामागून एक आडव्या येत राहतात. खारपाड्याला पाताळगंगा, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. कागदावर यादी लिहून मुलाच्या हाती द्या आणि पूल आला की एकेक खूण करायला सांगा. श्रावण-भाद्रपदात पाणी तांबडं, फुगलेलं असतं. मूल काचेला नाक लावून बघत बसतं. ‘अजून किती लांब?’ याचं उत्तरही मग त्याचं त्यालाच मिळतं: अजून तीन नद्या.

हातातल्या वस्तू

स्टिकर, पुसून पुन्हा लिहायची पाटी, मऊ खेळणी तीन-चार वर्षांच्या मुलांना चालतात. चिकणमाती आणि सुटे बारीक तुकडे नकोत, सीटखाली गेले की संपलं. कडक, जड खेळणं तर नकोच, जोरात ब्रेक लागला की ते कुणाच्या तरी डोक्यात बसतं.

मूल तीनच्या आतलं असेल तर या सगळ्यापेक्षा पहाटे चारला निघणं जास्त उपयोगी, पहिले तीन तास झोपेत जातात. ते कितीही रडलं तरी पट्टा सोडून मांडीवर घेऊ नका. गाडी बाजूला घ्या आणि मगच उचला. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट हवीच, असा कायदाही आहे.

पाच ते दहा वयाला नद्या, भेंड्या आणि मधे गोष्टी, टॅब फक्त कोंडीत. पुण्याहून आंबोलीमार्गे जाणार असाल तर कोल्हापूरपर्यंत सिनेमा चालू द्या. निपाणीहून आजऱ्याकडे वळण्याआधी चहाला थांबाल, तेव्हाच टॅब डिकीत टाका आणि पुढच्या वळणांना गोष्ट लावा. मुंबईहून जाताना कशेडीला बोगद्यातून गेलात तर जुन्या घाटाची वळणं टळतात, पण बोगदा बंद असला तर तिथेही हाच नियम.