पीसीओएस: बर्बेरीनची गोळी, पुदिन्याचा चहा की मेथीच बरी?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे पोरीला पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचा त्रास) निघालं की आई मेथी भिजत घालते, मावशी व्हॉट्सअॅपवर दालचिनीचं पाणी पाठवते आणि मेडिकलवाला बर्बेरीन पुढे करतो, आता पोरीने घ्यावं तरी काय? माझं म्हणणं, आधी जास्त त्रास कशाचा ते बघा. पाळी लांबतेय, पोट सुटलंय, मान काळी पडतेय तर इन्सुलिनकडे (साखर सांभाळणाऱ्या हार्मोनकडे) बघायचं. हनुवटीवर केस, पिंपल्स असतील तर अँड्रोजनकडे, म्हणजे पुरुषी हार्मोनकडे. दोन्ही एकमेकांत गुंतलेलंच असतं, पण सुरुवात कुठून करायची ते तरी ठरतं.

इन्सुलिनवाल्यांसाठी बर्बेरीनच सगळ्यात दमदार. हे दारुहळदीतून निघतं (आपल्या फोडणीच्या हळदीशी काही संबंध नाही). चीनमध्ये २०१२ साली ८९ बायकांवरचा अभ्यास आला, तीन महिने मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीशी तुलना, त्यात कंबरेचा घेर आणि कोलेस्टेरॉल बर्बेरीनने जास्त सुधारलं, अर्थात सगळ्यांना सोबत सायप्रोटेरोन ही हार्मोनची गोळीही चालू होती. डबी मात्र उलटी करून वाचा, "दारुहळद पावडर ५०० मिग्रॅ" आणि "बर्बेरीन ५०० मिग्रॅ" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोट बिघडतं, बऱ्याच औषधांशी भांडतं. आणि बाळासाठी घेत असाल तर थांबा, २०१६ मधल्या ६४४ जणींच्या अभ्यासात लेट्रोझोलने (बीज तयार व्हायला डॉक्टर देतात ती गोळी) ३६ टक्के जणींना बाळ झालं, नुसत्या बर्बेरीनने २२, आणि दोन्ही मिळून ३४, म्हणजे वर जोडून काही फायदा नाही. दिवस राहिले की तर बंदच करायचं, अंगावर पाजतानाही नको, बाळाची कावीळ वाढू शकते.

पुदिना एकदम वेगळा. ब्रिटनमध्ये २०१० ला ४२ जणींना महिनाभर दिवसातून दोनदा चहा दिला, टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुरुषी हार्मोन) उतरलं, बायकांना स्वतःला बरं वाटलं, पण डॉक्टरांनी मोजलेले केस होते तेवढेच. केसाचं चक्रच कित्येक महिन्यांचं, महिन्यात काय दिसणार वं माय! तरी स्वस्त आहे, त्रास कमी, मी तर हेच आधी करून बघा म्हणेन. बाजारातली साधी जुडी चालते, पेपरमिंटच्या टीबॅग नकोत, ती जात वेगळी.

दालचिनी पाळीसाठी थोडी बरी, रोज दीड ग्रॅम सहा महिने घेतल्यावर पाळी जास्त नियमित आली असा एक छोटा अभ्यास आहे. पण किराणा दुकानात बहुतेक जाड सालीची कॅशिया मिळते, तिच्यातलं कूमरिन नावाचं द्रव्य रोज जास्त पोटात गेलं तर लिव्हरला त्रास, म्हणून पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते ती सिलोन घ्या.

मेथीचा पुरावा या सगळ्यांत कच्चा. साखरेला थोडी मदत होते, भाजीत-भाकरीत खुशाल खा, पण हिवाळ्यातले तुपा-गुळाचे मेथीचे लाडू औषध म्हणून चापायचे, हे आपलं आपल्यालाच फसवणं झालं. ज्येष्ठमधाचे काढे कोणी सुचवले तर आधी बीपी बघा, ते बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं.

मेटफॉर्मिन किंवा शुगरची दुसरी गोळी चालू असेल तर यातलं काहीही डॉक्टरला दाखवूनच. आणि तीन महिने पाळीच आली नाही तर चहा-काढा बाजूला ठेवून सरळ गायनॅककडे जा, गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं आणि ते पुदिन्याने उतरत नाही.