पुढचा ॲक्सल बदलला, मास्टर सिलिंडर मात्र रंग लावून तोच ठेवला

माझ्या हलक्या ट्रकचा ड्रम ब्रेकचा पुढचा ॲक्सल काढून डिस्कचा बसवून देतो, असे सांगून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ८८,१०० रुपये घेतले. ॲक्सल ४६,०००, दोन नवे कॅलिपर (चाकाच्या डिस्कला दाबून धरणारे भाग) १४,५००, एक इंची नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) ७,८००, होज पाईप २,२०० आणि मजुरी ८,००० असे ७८,५०० पहिल्या खेपेला गेले. पेडल नरम लागते म्हटल्यावर हवा काढण्याचे व ब्रेक ऑइलचे ३,४०० आणि मग ‘बूस्टरच बसलाय’ म्हणून (बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग) त्याच्या दुरुस्तीचे ६,२०० त्याने वर घेतले. बूस्टरला काहीही झालेले नव्हते.

गाडी ताब्यात देताना त्याने स्वतः पेडल दोन-तीनदा भराभर मारले आणि ‘बघा साहेब, कसं घट्ट झालंय’ असे म्हणून माझा पाय त्यावर ठेवायला लावला. सगळी चोरी त्या क्षणात उघडी पडली होती. पहिल्या दाबाला पेडल चिखलात पाय रुतावा तसे खाली जाते आणि लागोपाठ मारल्यावरच वर येते, याचा अर्थ लाइनमध्ये हवा आहे, मागच्या ब्रेकचे लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) सैल आहेत किंवा सिलिंडर एका दाबात पुरेसे ऑइल ढकलत नाही. मी तसे विचारलेही. ‘डिस्कचं पेडल असंच असतं, सवय होईल’ हे उत्तर त्याने इतक्या सहजपणे दिले, की वर्षानुवर्षे ट्रक चालवणारा माझ्यासारखा माणूसही गप्प बसला; आणि ज्याला आपण कामाचे पैसे देतो त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा काही गुन्हा नव्हे. रस्त्यावर पुढचे वाहन अचानक थांबले की दुसऱ्यांदा पेडल मारायला वेळ मिळत नाही, हे त्यालाही पक्के ठाऊक होते.

खरे कारण दुसऱ्या मिस्त्रींनी शोधले. त्यांनी तिन्ही होज गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने दाबून बंद केले, तेव्हा पेडल वरच्या वर दगडासारखे लागले. पुढचा एक चिमटा सोडताच ते खाली गेले, दुसरा सोडल्यावर आणखी गेले, मागचा सोडला तेव्हा फारसा फरक पडला नाही. (ही तपासणी दातेरी पकडीने करू देऊ नका, होज आतून फाटतो.) मग त्यांनी टॉर्च धरून कॅलिपर दाखवले. हवा काढायचे निपल दोन्हीकडे खालच्या बाजूला होते, म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला होता. हवा वर जमते. निपल खाली असेल तर कितीही बाटल्या ओतल्या तरी ती बाहेर येत नाही. त्या ३,४०० रुपयांचे ऑइल असेच वाहून गेले.

कॅलिपरची अदलाबदल एक वेळ निष्काळजीपणा मानता येईल, सिलिंडरची गोष्ट मात्र उघड लबाडीची आहे. कॅलिपर सरळ करून हवा काढल्यावर पेडलचा स्पंजपणा गेला, पण ते अजूनही फार खोल जात होते, म्हणून मिस्त्रींनी मास्टर सिलिंडर थिनरच्या फडक्याने पुसला. चंदेरी रंगाखाली गंज होता आणि ओतीव अंगावर ७/८ हा इंचातल्या व्यासाचा आकडा होता. मुळातला ड्रमच्या काळातला सिलिंडर! डिस्कच्या कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो, त्याला ऑइल जास्त लागते. पेडल तेवढेच खाली गेले तरी एक इंची सिलिंडर ७/८ पेक्षा सुमारे ३० टक्के अधिक ऑइल ढकलतो, म्हणून तो बदलायचा होता आणि म्हणूनच त्याचे ७,८०० घेतले होते. बूस्टरवरच्या नटांवर पान्याचा एकही ताजा ओरखडा नव्हता आणि सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीच्या रबरावर रंगाचे ओघळ आले होते. नव्या मालाच्या रबराला रंग लागलेला नसतो. बॉनेट उघडून एवढे दोन ठिकाणी पाहा, मगच पैसे मोजा.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ एवढ्यावर बोळवण झाली. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, हे मी सांगितले तेव्हा समोरच्याने पक्के बिल मागितले, आणि माझ्याकडे होती शिक्का नसलेली कच्ची पावती. परिवहन कार्यालयात तर आरोपी मीच ठरलो. फेरफाराला परवानगी कोणी दिली, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचले आहे का, दंड ठाऊक आहे का, असे विचारणाऱ्या साहेबांना नादुरुस्त ब्रेकची गाडी रस्त्यावर सोडणाऱ्या गॅरेजचे नाव लिहून घ्यावेसे वाटले नाही. ‘कागदपत्रांचं सगळं आमच्याकडे लागलं’ असे त्याच गॅरेजवाल्याने मला सांगितले होते. हे वाक्य ऐकलेत तर परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय एक नटही सैल करू देऊ नका.

ट्रक भाड्याने चालतो म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असेही मला ऐकवण्यात आले. ते खोटे आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. ही माहिती मला एकाही खिडकीने दिली नाही.

खरा एक इंची सिलिंडर, ऑइल आणि मजुरी मिळून ११,३५० रुपये आणखी गेले आणि पेडल पहिल्या दाबाला धरू लागले. आयोगापुढे मी ९९,४५० रुपये मागितले आहेत. गॅरेजवाल्याचा निरोप आला आहे की, जुना सिलिंडर परत आणून द्या, ७,८०० लगेच देतो. सिलिंडर मिळणार नाही. तो अर्धा रंग पुसलेल्या अवस्थेत, मिस्त्रींच्या सहीच्या कागदासह, वकिलांच्या कपाटात आहे.