पॉइंट की इलेक्ट्रॉनिक किट? जुन्या बुलेटचं इग्निशन बदलण्याआधी

जुनी बुलेट रस्त्यात बंद पडते, मेकॅनिक पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या दोन टिकल्या) घासून देतो, आठवडाभराने पुन्हा तेच होतं. मग कुणीतरी सांगतंच, "काढून टाका ते पॉइंट, इलेक्ट्रॉनिक किट बसवा, कटकट मिटेल." सल्ला वाईट नाही. अडचण एवढीच की बहुतेक वेळा तो दोष सापडण्याआधी दिला जातो. दोष पॉइंटमध्ये नसेल तर काही हजारांचं किट बसवूनही गाडी तिथेच आणि तशीच बंद पडेल. म्हणून ही तुलना वाचताना एक क्रम धरा. आधी दोष शोधायचा, तो दूर करायचा आणि गाडी चांगली चालू असताना निवड करायची.

मी धरून चाललोय ती गाडी म्हणजे बॅटरी, कॉइल आणि पॉइंट असलेली कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५०. राजदूत आणि जावा-येझदीचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

दोन्हींत सारखं काय राहतं

पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून करंट वाहतो. कॅमने ते उघडले की करंट एकदम तुटतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंटच्या जागी बसणारं साधं इलेक्ट्रॉनिक किटही हेच करतं. फरक इतकाच की करंट तोडायचं काम धातूच्या दोन टिकल्यांऐवजी ट्रान्झिस्टर करतो.

म्हणजे बॅटरी, इग्निशन स्विच, वायरिंग, अर्थिंग, कॉइल, एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंत हजारो व्होल्ट नेणारी जाड वायर), प्लगची टोपी आणि प्लग हे सगळं जुनंच राहतं. पावसाळ्यात घाटात गाडी मिसिंग मारू लागली तर सर्वांत आधी संशय प्लगची टोपी आणि एचटी वायरवर घ्यावा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून या वायरकडे पाहा, हात मात्र लावू नका. तडा गेला असेल तर निळसर ठिणग्या बाहेर निसटताना दिसतात. इथे किटचा काडीचा उपयोग नाही, नवी वायर आणि टोपी हवी.

दोष कुठल्या बाजूला आहे?

बुलेटच्या हेडलाइटवरचा अँपिअर मीटर हे शोभेचं घड्याळ नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेलं परीक्षेचं यंत्र आहे. चावी चालू करा, दिवे बंद ठेवा आणि डिकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा दांडा) दाबून किक हळूहळू खाली न्या. पॉइंट मिटले की काटा उणे बाजूला झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा डोलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता बहुतांशी ठीक आहे, दोष पुढे कॉइल, कन्डेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यावर ठिणग्या पडू न देणारा छोटा भाग), वायर किंवा प्लगमध्ये शोधा. काटा मध्यावरून हलतच नसेल तर करंट पोचत नाही. बॅटरी उतरलेली असेल, फ्यूज उडाला असेल, स्विच खराब असेल, किंवा पॉइंटवर तेलाचा थर बसून ते मिटूनही जोडले जात नसतील. काटा कायम उणेवर अडकला असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर कुठेतरी अर्थला टेकली आहे.

मल्टिमीटर असेल तर आणखी पक्कं कळतं. कॉइलच्या ज्या टोकाला पॉइंटची वायर येते ते टोक आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा. पॉइंट उघडे असताना जवळजवळ बॅटरीइतकं दिसायला हवं, मिटल्यावर जवळजवळ शून्य. मिटल्यावरही अर्धा-एक व्होल्ट राहत असेल तर पॉइंट जळलेले किंवा मळलेले आहेत, नाहीतर त्यांची अर्थिंग कच्ची आहे. उघडल्यावरही शून्यच राहत असेल तर कन्डेन्सरची वायर सोडवून पुन्हा मोजा. आता व्होल्टेज आलं तर कन्डेन्सर आतून शॉर्ट आहे.

सहा व्होल्टच्या गाडीत ही मोजमापं जास्त काटेकोर घ्यावी लागतात. जुन्या स्विचमध्ये अर्धा व्होल्ट वाया गेला तर बारा व्होल्टच्या गाडीचं सुमारे ४ टक्के नुकसान होतं, सहा व्होल्टच्या गाडीचं ८ टक्क्यांहून जास्त. सहा व्होल्टची गाडी "स्पार्क कमजोर आहे" म्हणून आली की मी कॉइलआधी स्विच, फ्यूजची पकड आणि बॅटरीची टर्मिनलं साफ करायला सांगतो.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते, हे सर्वांत फसवं लक्षण. बहुतेक लोक कार्बोरेटर उघडतात. बंद पडल्या क्षणी, गाडी थंड होण्याआधी, दोन गोष्टी करा. पेट्रोल टाकीचं झाकण उघडून लगेच बंद करा, कारण झाकणातलं हवेचं भोक बुजलं तरी गाडी अशीच थांबते. मग प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, ओला असेल तर ठिणगी नाही. दुसरा चांगला प्लग टोपीत घालून त्याचा धातू हेडच्या उघड्या धातूला, प्लगच्या भोकापासून दूर, नीट टेकवा आणि किक मारा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नसावं. ठिणगी नसेल किंवा पिवळट, बारीक असेल तर कॉइल किंवा कन्डेन्सर उष्णतेने मान टाकतोय. उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं.

कन्डेन्सर बिघडला की पॉइंट सांगतातच. इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठ्या, चमकदार ठिणग्या पडतात, काही दिवसांत टिकल्या काळ्या पडतात, एकीवर खड्डा आणि दुसरीवर उंचवटा तयार होतो. अशा पॉइंटना पुन्हा पुन्हा घासत राहणं म्हणजे ताप उतरवून आजार तसाच ठेवणं. आठवड्याला पॉइंट जळत असतील तर कन्डेन्सर बदला.

पॉइंटच्या बाजूने

पॉइंटचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते सहसा अचानक मरत नाहीत. आधी गाडी मिसिंग मारते, किक जास्त लागतात, तुम्हाला घरी पोचायला वेळ मिळतो. आणि काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं. फीलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, स्क्रू ड्रायव्हर आणि सुटा कन्डेन्सर एवढ्यावर रस्त्याच्या कडेला काम होतं. बुलेटचे पॉइंट तालुक्याच्या गावीही मिळतात.

त्या बदल्यात ते देखभाल मागतात. गॅप, म्हणजे उघडल्यावर दोन टिकल्यांमधलं अंतर, ०.३५ ते ०.४० मिमी. कॅमवर घासणारा फायबर झिजला की गॅप कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हळूहळू मागे पडतं. गाडी जड वाटू लागते, जास्त तापते. म्हणून आधी गॅप आणि मगच टायमिंग लावायचं. उलट केलं तर लावलेलं टायमिंग गॅप बदलताच हलतं. बुलेट ३५० साठी टायमिंग पिस्टन वर येताना वरच्या टोकापासून ०.८ मिमी खाली असताना, अॅडव्हान्सची वजनं (इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) पूर्ण मिटलेली ठेवून लावतात. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून तो सुटतो तो क्षण पकडायची जुनी पद्धत आजही चालते, पण मीटरचा काटा किंवा टेस्टरचा दिवा जास्त खात्रीचा. कॅमला किंचित ग्रीस लावा. जास्त लावलं तर तेच उडून पॉइंटवर बसतं.

पॉइंटची खरी दुखरी नस आज कन्डेन्सर आहे. बाजारात मिळणाऱ्यांचा दर्जा बेभरवशाचा असतो, नवाकोराही काही दिवसांत जाऊ शकतो. याला एक साधा उपाय आहे. कन्डेन्सर पॉइंटच्या शेजारी, गरम इंजिनावरच असायला हवा असं नाही. साधारण तेवढ्याच क्षमतेचा, म्हणजे ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, कारसाठी मिळणारा चांगला कन्डेन्सर कॉइलजवळ, थंड जागी बसवून वायर जोडली तरी तो तितकंच काम करतो. त्याच्या बॉडीची अर्थिंग मात्र पक्की हवी. किटचा विचार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम एवढ्यावर भागेल, असं मला मनापासून वाटतं.

किटच्या बाजूने

जिथे किट खरंच उजवं ठरतं ती जागा म्हणजे झिजलेला डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे पॉइंट ज्यात बसतात तो भाग. बुलेटमध्ये पॉइंटचा शाफ्ट टायमिंगच्या गिअरवर चालतो. त्याचा बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) झिजला की शाफ्ट डुलतो, गॅप दर फेरीला बदलते आणि टायमिंग कितीही काळजीने लावलं तरी टिकत नाही. शाफ्ट हाताने आडवा हलवून पाहा. खेळ जाणवला तर एकतर बुश बदला, नाहीतर किट लावा. चुंबक आणि पिकअपवर (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरवर) चालणारं किट थोडा खेळ सहन करतं. बुश फारच गेला असेल तर तेही वाचवू शकणार नाही.

दुसरी जागा अॅडव्हान्सची. वजनांच्या स्प्रिंग ताणल्या गेल्या किंवा वजनं गंजून अडकली की टायमिंग पुढेच राहतं आणि बुलेटची किक बॅक मारते. हे दुखणं गंमतीचं नाही, घोटा मोडू शकतो. काही किटमध्ये अॅडव्हान्स इलेक्ट्रॉनिक असतो, जुनी वजनं निघतात किंवा जाम केली जातात, आणि किक मारताना टायमिंग नेहमी मागेच असतं. काही किट मात्र जुनीच वजनं वापरतात. तिथे हा फायदा मिळत नाही. विकत घेण्याआधी हा प्रश्न विचाराच.

बऱ्याच किटमध्ये चावी चालू राहिली आणि इंजिन बंद असलं तर कॉइलचा करंट काही क्षणांत आपोआप तुटतो. पॉइंटच्या गाडीत चावी विसरली आणि पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जळू शकते, बॅटरी तर उतरतेच. पण यामुळे अँपिअर मीटरच्या काट्यावरून निदान करायची सोय जाते.

आणि किटचं निदान हीच त्याची कमजोर बाजू. डबा बंद असतो. बॅटरी, कॉइल, वायर सगळं ठीक असूनही ठिणगी नसेल तर दुसरं चालू किट लावून पाहणं हाच बहुतेकांपुढचा पर्याय उरतो. तो बहुधा पूर्वसूचनेशिवाय जातो. बॅटरी फार उतरली तर पॉइंटची गाडी धक्का मारून कशीबशी सुरू होते, पण अनेक किट कमी व्होल्टेजला चुकीच्या वेळी ठिणगी देतात किंवा देतच नाहीत.

कुणी काय घ्यावं

रोज ऑफिसला बुलेट काढत असाल, हाताने काम करायची आवड नसेल आणि बारा व्होल्टची वायरिंग धडधाकट असेल, तर किट घ्या. वर्षातून दोन-तीन वेळा गॅप पाहणं तुमच्याकडून होणार नाही, आणि न पाहिलेल्या पॉइंटपेक्षा किट नक्कीच चांगलं.

लांबच्या प्रवासाला, कोकणात किंवा स्पिती-लडाखला एकट्याने जात असाल तर मी पॉइंटच ठेवेन, सोबत गॅप लावून ठेवलेला पॉइंट सेट आणि थंड जागी बसवलेला कन्डेन्सर. इथे लोक माझ्याशी वाद घालतील, पण दुरुस्त करता येणारा बिघाड मला न होणाऱ्या बिघाडाच्या आश्वासनापेक्षा जवळचा वाटतो.

सहा व्होल्टची गाडी असेल तर घाई नको. बरीच किट बारा व्होल्टसाठी असतात. किटसाठी सगळी गाडी बारा व्होल्टवर नेणं हा वेगळा आणि मोठा खर्च आहे.

गाडी ५० वर्षांहून जुनी असून तिची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर मूळ स्थितीला किंमत आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची नंबर मालिका मिळते, आणि चेसिस, बॉडी वा इंजिनमध्ये मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. तिथे पॉइंट ठेवणंच शहाणपणाचं.

राजदूत १७५ मध्ये पॉइंट मॅग्नेटच्या आत असतात आणि ठिणगीला बॅटरी लागत नाही. ती सीडीआयवर (एका प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर) न्यायची तर नुसते पॉइंट बदलून भागत नाही. मॅग्नेट आणि आतली कॉइल प्लेटही बहुधा बदलावी लागते, म्हणून खर्च बुलेटपेक्षा बराच वर जातो. म्हैसूरच्या जावामध्ये पॉइंट थेट क्रँकच्या टोकाला असतात, मध्ये डुलणारा शाफ्ट नाही आणि अॅडव्हान्सची वजनंही नाहीत. म्हणजे बुलेटमध्ये किटला अनुकूल असलेली दोन्ही कारणं तिथे गळून पडतात. जावाची गॅप सतत हलत असेल तर आधी क्रँकची बेअरिंग तपासा.

बसवायचं ठरलंच तर

गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, ते आधी पाहा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल अर्थला जोडलेलं असतं आणि उलट जोडणीत किट पहिल्याच क्षणी जळू शकतं. कॉइलचा ओहम मोजून किटवाल्याने सांगितलेल्या मर्यादेशी जुळवा. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलचं पहिलं वेटोळं साधारण ३ ते ४ ओहमचं असतं, त्याहून खूप कमी असेल तर ट्रान्झिस्टरवर भार येतो. रेझिस्टर असलेली टोपी किंवा तसाच प्लग वापरा, नाहीतर ठिणगीचा गोंगाट डब्यातल्या सर्किटला गोंधळवतो. प्लग अर्थला न टेकवता किक मारून ठिणगी पाहायची जुनी सवय किटच्या गाडीत सोडा, डबा किंवा कॉइल त्याने जाऊ शकते.

काढलेली पॉइंटची प्लेट, कॅम आणि कन्डेन्सर फेकू नका. पुसून, हलकं तेल लावून, गॅप लावलेल्या अवस्थेत प्लास्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवा. आणि मूळ शाफ्टला कापाकापी करायला लावणारं किट मुळात घेऊच नका.